भोक बुजेल म्हणून

कान बरा झाला, असं सगळे म्हणतात. पू थांबला, ताप गेला, औषधं बंद झाली, म्हणजे बरा. कुणी विचारलं तर मीही तेवढंच सांगते. पण इथे खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून आधीच सांगून टाकते: हे बऱ्या झालेल्या माणसाने लिहिलेलं नाही. माझा डावा कान आता जसा आहे तसाच राहणार, आणि रोज सकाळी केस विंचरताना ते मला पुन्हा नव्याने कळतं.

त्या दिवसांत मी फोनवर खूप शोधलं. इंग्रजीत फोटो सापडले, ते बघून झोप उडाली. मराठीत सापडलं ते तेल, हळद आणि कडुलिंब. मला पाहिजे होतं मधलं काहीतरी, म्हणजे असं झालेल्या कुणीतरी लिहिलेलं, आपल्यासारख्या घरातल्या. ते मिळालं नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी घरात ऐकून आणि आईची मासिकं वाचून शिकले, त्यामुळे चुका होतील. तरी मराठीतच लिहिते, कारण जे झालं त्यातलं निम्मं मराठीमुळेच झालं. ते पुढे येईल.

बुगडी

कॉलेजपासून मला कानाच्या वरच्या कडेला टोचून घ्यायचं होतं. एक बारीक रिंग, बस. मी फार काही मागणारी मुलगी नाही, त्यामुळे मागितलेलं लक्षात राहतं. आईला मी ‘हेलिक्स पिअर्सिंग’ असं नीट नाव सांगून फोटो दाखवला होता.

“शी! नाक्यावरच्या पोरांसारखं? काही नको.”

विषय संपला. मी नोकरीला लागले, तरी तो संपलेलाच होता. मग गेल्या दिवाळीला आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, लालबागला राहते, अजून मालवणीच बोलते. तिने गुलाबी कागदाची पुडी उघडली. आत आजीची मोत्यांची बुगडी. जोडीतली दुसरी कधीच हरवलेली.

“ही सायलीक,” ती म्हणाली. “घरातला थोरला चेडू ता. पेटीत ठेवन काय करू?”

आईने बुगडी हातात घेतली, माझ्या कानाला लावून बघितली आणि म्हणाली, “किती शोभेल! उद्याच टोचून आणू.”

“कुठे टोचणार?” मी विचारलं.

“कुठे म्हणजे? वर. बुगडी वरच घालतात.”

जागा तीच, भोक तेच. हेलिक्स म्हटलं तर नाही, बुगडी म्हटलं तर उद्याच. मी हसले. मला पाहिजे होतं ते मिळत होतं.

ठाकूरद्वारच्या बाजूला एका सोनाराकडे टोचलं. वरचा भाग कडक असतो, त्यामुळे काकडी मोडावी तसा आवाज कानातच ऐकू येतो. त्याने सोन्याची तार घातली आणि म्हणाला, ती काही महिने काढायची नाही, बुगडी त्यानंतर. त्याचं काही चुकलं नव्हतं, हे मुद्दाम लिहिते. पहिले काही आठवडे कान छान होता. ऑफिसात मी पहिल्यांदाच केस कानामागे घेऊन बसायला लागले होते.

हीर

एका सकाळी घाईत टी-शर्ट काढताना तार अडकली आणि निघाली. रक्त नाही, दुखलं नाही. मी तार टेबलावर ठेवून ऑफिसला गेले. परत आले तर तार आत जाईना.

“अगं, भोक बुजेल!” आई म्हणाली.

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की त्याचा अर्थच निघून गेला. पण तेव्हा मलाही वाटलं, आता बुजलं तर पुन्हा टोचावं लागणार. आईने आत्याला फोन लावला. आत्या बस पकडून तासाभरात नायगावला हजर. आमची चाळ पाडल्यापासून आम्ही जवळच भाड्याने राहतो, दोन जिने चढावे लागतात. ती धापा टाकत आली, हातात खोबरेल तेलाची बाटली आणि पदरात गुंडाळलेले हीर. हीर म्हणजे नारळाच्या पातीतली मधली काडी, जिचे आपण झाडू करतो. तिने कोऱ्या झाडूतून ते काढून आणले होते. एक काडी ब्लेडने तासून टोकदार केली, पाण्याने धुतली, तेल-हळदीत बुडवली.

“आत्या, हे झाडूचं आहे,” मी म्हणाले.

“कोरा आसा गो. गावाक सगळ्यांचे कान ह्याच्यानच सांभाळले. तुझ्या बापसाचेय.”

“बाबांचे कान टोचलेत?”

“बारशाक टोचलेले. मगे बुजले. हीर घालूक देय नाय, रडा. म्हणान बुजले.”

आई हसली. तिने माझं डोकं दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर घट्ट धरलं आणि आत्याने हीर आत घातला. जुन्या वाटेने गेला नाही तो. शेजारून नवी वाट काढत गेला, मला ते जाणवलं. मी ओरडले. आत्या म्हणाली, “झाला, झाला, कायएक होवचा नाय.” दोन दिवसांनी हीर काढून तिनेच बुगडी चढवली आणि मागून फिरकी घट्ट केली. आईने फोटो काढला. त्या फोटोत माझा कान शेवटचा चांगला दिसतो, थोडा लाल.

दोघींनी माझं वाईट चिंतलं नव्हतं. असं काही झालेल्या घरांत हेच कठीण असतं. शिव्या घालायला कुणी सापडत नाही.

पाळी

दोन रात्री गेल्या आणि कान तापला. उशीला टेकवता येईना. सूज इतकी आली की मागची फिरकी मांसात रुतून दिसेनाशी झाली. आई मला आमच्या जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी लहान असल्यापासून ते मला ओळखतात, ‘मोठी झालीस गं’ म्हणतात आणि मला त्यांच्याकडे वर बघायची लाज वाटते. त्या दिवशी दवाखाना भरलेला. आई बाहेर चपलांजवळ कुणाशी तरी बोलत राहिली. मी आत एकटी.

माझे केस सोडलेले होते. त्यांनी एका बोटाने ते थोडे बाजूला केले, ‘हं’ म्हणाले आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता विचारलं, “पाळी दुखते का?”

मला वाटलं, कानासाठी आले आणि हे काय विचारतायत. पण डॉक्टर विचारतात असं काहीही. अंगदुखीला गेलं तरी विचारतात.

“हो,” मी जमिनीकडे बघत म्हणाले. “पहिल्या दिवशी जास्त.”

“आणि आता?”

“आता नाही.”

“बरं. म्हणजे साधंच इन्फेक्शन दिसतंय. ते कानातलं काढून टाका, आणि या गोळ्या पाच दिवस.”

मी बाहेर आले. आईने विचारलं, काय म्हणाले? साधंच आहे, मी म्हणाले. घरी बुगडी काढायचा प्रयत्न केला. फिरकी सापडेना, हात लावला की डोळ्यांपुढे अंधार. “राहू दे,” आई म्हणाली, “गोळ्यांनी सूज उतरली की काढू. नाहीतरी काढली तर भोक बुजेल.”

गोळ्या मी एकही चुकवली नाही. कान मात्र रोज वाढत होता, चकचकीत होत होता. पाच दिवस संपायच्या आत तो डोक्यापासून लांब उभा राहिला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

निदान

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या ओपीडीत आम्ही सकाळपासून बाकावर होतो. आत गेलो तेव्हा समोर एक तरुण डॉक्टरीण, माझ्याच वयाची असेल. तिने विचारल्याशिवाय माझे सगळे केस गोळा केले, वर बांधले आणि दिवा लावून बघितलं. मग शेजारी उभ्या शिकाऊ मुलाला म्हणाली, “लोब्यूल बघ. एकदम नॉर्मल. वरचंच सगळं गेलंय.”

मग आईकडे वळून मराठीत म्हणाली, “मावशी, हे बघा. पाळी चांगली आहे, पाळी सोडून बाकीचा कान सुजलाय. म्हणजे कातडीचं नाही हे. आत जे मऊ हाड असतं ना, त्याला लागण झालीय. ओळखायची खूणच ती.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. “पाळी म्हणजे?”

“अगं, ही.” तिने ग्लोव्ह घातलेल्या चिमटीत माझ्या कानाचा खालचा मऊ भाग धरला. “कानाची पाळी.”

“एवढं पण माहीत नाही?” आई म्हणाली. “इंग्लिश मीडियम!”

मग मी सांगितलं, जुन्या डॉक्टरांनी काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. शेजारचा मुलगा मान फिरवून हसला. आईलाही हसू आलं, तिने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरीण हसली नाही.

“त्यांनी नीट बघायला हवं होतं,” ती म्हणाली. “पाळी आधी दुखत होती म्हटल्यावर त्यांना वाटलं असणार, खालून वर चढतंय, वरवरचं आहे. त्या गोळ्या या जंतूवर चालतच नाहीत. चार दिवस आधी आली असतीस तर...”

मी तिला ते वाक्य पूर्ण करायला सांगितलं नाही. आईचा तोंडावरचा हात तसाच राहिला होता, पण खालचं हसू गेलं होतं.

मी पुष्कळदा हिशेब करून बघितला आहे. मला तो शब्द माहीत असता तर? मी ‘नाही’ म्हणाले असते, त्यांनी वर बघितलं असतं, कदाचित त्याच दिवशी परळला पाठवलं असतं. नाहीतर नसतंही पाठवलं. पाळी आणि पाळी. पंचवीस वर्षं घरात मराठी बोलून मला त्यातली एकच येत होती, आणि दुसरी माझ्या डोक्याला लटकत होती.

वॉर्ड

त्याच दिवशी भरती केलं. भूल फक्त कानापुरती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. चिमट्यांचा आवाज, पू ट्रेमध्ये पडल्याचा आवाज, आणि मग बुगडी धातूच्या ट्रेमध्ये पडली तो छोटा स्पष्ट आवाज. सिस्टरने ती कापसात गुंडाळून आईला दिली. “सोनं सांभाळा हां, मावशी. आमच्याकडे ठेवू नका.” दोन्ही पाळ्यांमधले टॉप्सही तेव्हाच काढायला लावले.

वॉर्डातला दिवस लवकर सुरू होतो. झाडू, फिनेल, चहा, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली दारात दिसली की मी भिंतीकडे तोंड करायची. कानाच्या खोबणीत कापसाचे बोळे दाबून बसवायचे, आत पू साठू नये म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तेच ओढून काढायचे. रडू यायचं ते दुखण्याने नाही, आता येणार म्हणून यायचं.

शेजारच्या खाटेवर फिलोमिना आंटी होत्या. गिरगावातल्या, मानेतल्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या. माझी आई त्यांना आणि त्या माझ्या आईला ‘बाई’ म्हणायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पडदा सारला.

“तुझा कान बांधला, माझी मान बांधली,” त्या म्हणाल्या. “दोघी मिळून एक धड बाई होते काय बघू.”

मग त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून त्याचं कडं बनवलं, चुंबळीसारखं, आणि माझ्या उशीवर ठेवलं. “ह्याच्या मधल्या भोकात कान सोड. टेकणार नाय.” त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी डाव्या कुशीवर झोपले. त्या सगळ्या काळात ज्या गोष्टीने खरोखर बरं वाटलं, ती हीच एक. ज्यांना गरज पडेल त्यांनी ही चुंबळ करून बघा.

घरचं काही बरं चाललेलं नव्हतं. एका संध्याकाळी आई-बाबा वॉर्डाच्या दारात उभे होते. त्यांना वाटलं मी झोपलेय, आणि पट्टी माझ्या एकाच कानाला होती हे दोघंही विसरले.

“तुमच्या बहिणीने झाडूची काडी घातली माझ्या पोरीच्या कानात,” आई म्हणाली.

बाबा फार बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, “डोकं तू धरलं होतंस.”

त्यानंतर आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण मला भरवताना तिचा हात माझ्या डोक्याला लागू नये याची ती काळजी घ्यायला लागली. मला ते जास्त लागलं.

आत्या आली ती पेज घेऊन. स्टुलावर टोकाला बसली, माझ्या पायांकडे बघत. आई उठून बाहेर गेली. आत्याने डबा उघडला, बंद केला.

“माका वाटला...” ती म्हणाली आणि थांबली. मग अगदी हळू आवाजात, “आणि भोक? भोक रवला काय गो?”

मी खरं तर चिडायला हवं होतं. पण तिच्याकडे विचारायला तेवढंच उरलं होतं. “नाही, आत्या,” मी म्हणाले. “तिथे आता काही नाही.”

ते खरंच होतं. पहिल्या वेळी पू काढून भागलं नाही. पुन्हा आत नेलं आणि आतलं मेलेलं मऊ हाड तुकड्यातुकड्याने काढलं. डॉक्टरीण आदल्या दिवशी येऊन बसली होती. “ते हाड म्हणजे कानाचा सांगाडा,” ती म्हणाली. “तंबूचे बांबू समज. ते काढल्यावर कापड कसं पडेल, हे मला आत्ता सांगता येणार नाही.”

“पण पडेल?” मी विचारलं.

“पडेल.”

मला तिचा राग आला नाही. तेवढ्या दिवसांत खरं सांगणारी ती एकटीच होती.

घरी

पट्टी सुटली तेव्हा कान सुजलेला होता, त्यामुळे वाटलं, एवढं वाईट नाही. सूज उतरत गेली तसा तो आकसत गेला. वरची कड आत वळली, मधली खोबण भरून गेली. काही महिन्यांत त्याचं आमसूल झालं. ही उपमा माझीच. घरात कुणी कानासारखं काहीही म्हणत नाही. आई सोलकढी करते तेव्हा आमसुलांच्या बरणीकडे मी बघत नाही.

बारीकसारीक गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. मास्कची दोरी त्या कानावर थांबत नाही. इयरफोन बसत नाही. वारा आला की केस धरावे लागतात, त्यामुळे दादरच्या पुलावर मी एका हातात पर्स आणि एका हातात केस धरून चालते. पावसाळ्यात छत्रीला तिसरा हात लागतो. ऑफिसात कुणी काही विचारलं नाही, फक्त कॅन्टीनमध्ये एकाने हळूच विचारलं, “कुत्रा चावला का?”

“हो,” मी म्हणाले. खरी गोष्ट सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

प्लास्टिक सर्जनकडे दोनदा गेलो. बरगडीचं मऊ हाड काढून कानाचा नवा सांगाडा करता येतो, असं ते म्हणाले. आईचा चेहरा उजळला. मग त्यांनी कानामागचा व्रण बघितला. चिरलेल्या जागी कातडी जाड होऊन वर आली होती, दोरीसारखी, आणि अजून वाढत होती. काही जणांची कातडीच अशी असते. जिथे कापाल तिथे ती मर्यादेबाहेर भरून येते. म्हणजे ऑपरेशन केलं तर कानावर, छातीवर, सगळीकडे तेच होण्याची भीती.

“म्हणजे नाही करायचं?” आईने विचारलं.

“आपण वाट बघू,” ते म्हणाले. “या कानाला आता सुई लावायची नाही, टोचायचं तर अजिबात नाही.”

दुसऱ्या वेळीही ते वाट बघू म्हणाले. तिसऱ्या वेळची चिठ्ठी फ्रिजवर लावलेली आहे. आम्ही गेलो नाही, आणि कुणी तो विषयही काढला नाही.

वाचणाऱ्यासाठी

मी उपदेश करणार नाही, पण लिहायला बसले ते ज्या ओळींसाठी, त्या या. भोक बुजत असेल तर बुजू द्या. कानाच्या वरच्या भागात टोचलेलं असेल आणि तो लाल, गरम, दुखरा झाला, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. दागिना काढायचा की कसं ते त्यांना ठरवू द्या. केस बांधून जा. डॉक्टरने एका बोटाने बघितलं तर पुन्हा बघा म्हणा. आणि त्यांनी काही विचारलं ते कळलं नाही, तर तोंडात येईल ते उत्तर देऊ नका. ‘म्हणजे काय?’ असं विचारा. एवढं मला जमलं नाही.

हे सगळं केलं तर कान नक्की वाचतो का? मला माहीत नाही. माझा वाचला नाही, इतकंच माहीत आहे.

टॉप्स

मागच्या महिन्यातली गोष्ट सांगून थांबते.

हॉस्पिटलमधून आल्यावर उजव्या कानात आईने लगेच टॉप घातला होता. डाव्या पाळीवर कित्येक आठवडे पट्टी होती, त्यामुळे तिथलं लहानपणीचं भोक रिकामंच राहिलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आई डावीकडचा टॉप घेऊन माझ्याजवळ आली. खिडकीशी स्टूल ओढलं, चष्मा लावला, वाटीत थोडं तेल.

“डॉक्टर नको म्हणालेत,” मी म्हणाले.

“टोचायला नको म्हणालेत. हे कुठे टोचणं आहे? भोक आहेच तुझं, बाराव्या दिवशीचं. नुसतं घालायचंय.”

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. पाळीला तर काहीच झालं नव्हतं, अगदी पहिल्या दिवसापासून. मी केस वर धरून बसले. तिने पुढून टॉपचा दांडा ठेवला, तो सहज आत गेला. आई खुशीत म्हणाली, “बघ, गेला!” आणि मागे बोट फिरवून टोक शोधायला लागली. टोक बाहेर आलं नव्हतं. मागची कातडी मिटलेली होती. तिने थोडा जोर लावला. मागे कातडी उंचावली, दांडा आतून तिला टोचत होता.

“आलं, आलं. जरा दम धर, सायू.”

बाबा पेपर वाचत होते. मला हसवायला म्हणाले, “नाहीच गेलं तर एकात घाल. भिकबाळी. आमच्या वेळी पुरुष घालायचे, आता बायका घालतील.” आईने त्यांच्याकडे बघितलं तेव्हा ते पुन्हा पेपरात गेले.

आईने दांडा काढला, तेल लावलं, जरा तिरपा करून पुन्हा घातला. मला तिचा श्वास मानेवर लागत होता. तिसऱ्यांदा तिने जोर लावायला अंगठा टेकवला, आणि मला वाटतं, त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की दुसऱ्या हाताने तिने माझं डोकं धरलं आहे. घट्ट, मांडीवर धरलं होतं तसंच.

तिने हात सोडला. दांडा बाहेर काढला, त्याला रक्ताचा ठिपका लागला होता. तो तिने पदराला पुसला आणि टॉप मुठीत घेतला. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

“पुरे, आई,” मी म्हणाले.

“पुरे,” ती म्हणाली.

माझी आई रिकाम्या कानाने मला कधी दारात उभी राहू देत नसे. भुंडे कान बघवत नाहीत म्हणायची. कचरा टाकायला जातानासुद्धा आधी कानाकडे बघायची. तीच स्टुलाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आली.

“एकच घालून कुठे जाणार?” ती म्हणाली. “बरं नाही दिसत.”

तिने उजव्या कानातल्या टॉपची फिरकी सोडवली. ती सहज फिरली, टॉप सहज निघाला, काहीच अडकलं नाही. तिने तो दुसऱ्याबरोबर मुठीत घेतला आणि माझी रिकामी पाळी दोन बोटांत धरून हलकेच चोळली.

“दुखलं का गं?” तिने विचारलं.

तो कान कधीच दुखला नव्हता. मी हो म्हणाले.